पडद्यावरचा पाऊस

फिल्म हातात घेऊन : भाग सातवा

आमच्या गावच्या टॉकीजमागे एक उकिरडा होता आणि पोरांच्या लेखी तो खजिना होता. चालू खेळात फिल्म तुटली की ऑपरेटर फाटका भाग कापून टाकायचा, दोन टोकं जोडायचा आणि पिक्चर पुढे सुरू व्हायचा. कापलेले तुकडे मागच्या खिडकीतून बाहेर पडायचे. मग उडालेल्या बल्बची टोपी काढून त्यात पाणी भरायचं, खोलीत अंधार करायचा, बाहेर एकाने आरसा धरून फटीतून ऊन आत सोडायचं आणि त्या उन्हात बल्बच्या अलीकडे फिल्म धरायची. भिंतीवर हिरो उमटायचा. डोकं खाली आलं की तुकडा उलटा करायचा.

एकदा माझ्या वाट्याला आलेल्या तुकड्यावर हिरो नव्हता, हिरॉईन नव्हती. नुसती काळी फिल्म आणि तिच्यावर खिळ्याने ओढल्यासारखा एक ओरखडा. हिरमुसून तोही उन्हात धरला. भिंतीवर हिरवीगार रेघ उमटली. काळ्या फिल्मवर ओरखडा काढला तर पांढरा दिसायला हवा, हिरवा का? या प्रश्नाचं उत्तर मला फार उशिरा मिळालं. आजचा भाग त्या हिरव्या रेघेबद्दलच आहे.

मागच्या आठवड्यात आपण दादासाहेब फाळक्यांचं वाटाण्याचं रोप पाहिलं. रोज थोडं थोडं चित्रण करत त्यांनी अंकुर पडद्यावर भराभर वाढवून दाखवला. त्यात कॅमेरा होता, फक्त तो थांबत थांबत चालत होता. आज कॅमेरा कपाटात ठेवू. कॅमेऱ्याला हात न लावता केलेल्या सिनेमाला आता शंभर वर्षं होऊन गेली आहेत.

आधी फिल्म नीट हातात घेऊ. तिची एक बाजू चकचकीत असते, दुसरी किंचित मंद. चकचकीत बाजू म्हणजे पारदर्शक पट्टी. मंद बाजूला जिलेटिनचा थर असतो आणि सगळं चित्र त्या थरात असतं. अंधारात बाजू ओळखायची संकलकांची जुनी युक्ती म्हणजे फिल्म ओठांना लावायची. जी बाजू ओलसर ओठाला चिकटते, ती जिलेटिनची. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये या थरात चांदीचे कण असतात. रंगीत प्रिंटमध्ये रंगांचे तीन थर एकावर एक असतात: सगळ्यात वर किरमिजी, मधे निळसर हिरवा, तळाशी पिवळा. तिन्ही पूर्ण भरले की काळा दिसतो. आता सुईने हलकेच ओरखडा काढा. वरचा किरमिजी थर निघाला की खालचे निळसर आणि पिवळा मिळून हिरवा दिसतो. आणखी दाबलं की नुसता पिवळा उरतो. पार खरवडलं की पांढरा. माझ्या तुकड्यावरचा ओरखडा वरवरचा होता, म्हणून तो हिरवा होता.

जुनी प्रिंट लागली की पब्लिक ओरडायचं, ‘पाऊस पडतोय!’ तो पाऊस म्हणजेही ओरखडेच. प्रोजेक्टरच्या गेटमध्ये धुळीचा एक कण अडकतो आणि त्याच्यासमोरून फिल्म सरसर खाली सरकत राहते. कण जागचा हलत नाही, म्हणून फिल्मवर उभी सलग रेघ उमटते. ओरखडा पट्टीच्या चकचकीत बाजूला असेल तर रेघ काळपट दिसते आणि चित्राच्या बाजूला असेल तर उजळ किंवा रंगीत. वितरकाच्या दृष्टीने ही प्रिंट खराब. पण काही माणसांनी याच खराबीकडे पाहून विचार केला की रेघ धुळीने काढली तर नुकसान होतं, मग ती मीच काढली तर?

पहिला मोठा प्रयोग घाईतून झाला. १९२३ साली पॅरिसमध्ये कवी त्रिस्तान झाराने ‘दादा’ या बंडखोर कलाचळवळीच्या एका कार्यक्रमात छायाचित्रकार मॅन रे याचा चित्रपट दाखवायचं जाहीर करून टाकलं. कार्यक्रम एका दिवसावर आला होता आणि मॅन रेकडे चित्रपट म्हणावा असं काही नव्हतं, थोडी फुटकळ दृश्यं तेवढी होती. तो अंधाऱ्या खोलीत गेला, कोऱ्या फिल्मचे तुकडे टेबलावर पसरले, काहींवर मीठ आणि मिरपूड भुरभुरवली, काहींवर टाचण्या आणि खिळे टाकले आणि क्षणभर दिवा लावून विझवला. फिल्म धुतल्यावर उघडी जागा काळी झाली आणि झाकलेली पांढरी राहिली. कार्यक्रमात फिल्म मधेच तुटली, सभागृहात गोंधळ उडाला. चित्रपटाचं नाव होतं ‘रिटर्न टू रीझन’, म्हणजे विवेकाकडे परत!

या प्रयोगात एक गोष्ट आपोआप घडली. कॅमेऱ्यात फिल्म एकेका चौकटीत थांबते, उजेड पडतो, मग ती पुढे सरकते. म्हणजे चौकट कॅमेरा आखतो. टेबलावर पसरलेल्या फिल्मला चौकटच नसते. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका चौकटीची जागा १९ मिलिमीटर उंच असते आणि टाचणी त्याहून लांब. ती दोन चौकटींवर आडवीतिडवी पडते. प्रोजेक्टर मात्र आपल्या हिशेबाने तिचे तुकडे करतो आणि आधी डोकं, मग टोक असं दाखवतो. पडद्यावर टाचणी उडी मारते. तिला कुणीही हलवलेलं नसतं.

लेन लाय हा न्यूझीलंडचा माणूस लंडनला आला. कॅमेरा परवडत नव्हता, म्हणून फिल्मच्या टाकाऊ पट्ट्यांवर थेट रंगवू लागला. त्याची चिकाटी पाहून ब्रिटिश टपाल खात्याच्या फिल्म विभागाचे प्रमुख जॉन ग्रिअरसन यांनी त्याला काम दिलं. १९३५ सालचा ‘अ कलर बॉक्स’ हा चित्रपट त्यातून आला. क्यूबन ठेक्यावर रंगांचे पट्टे, ठिपके आणि नागमोडी रेषा तीनेक मिनिटं नाचतात आणि शेवटी स्वस्त पार्सल टपालाची जाहिरात येते. कुणा श्रीमंताच्या दिवाणखान्यासाठी हे केलेलं नव्हतं. सरकारी खात्याच्या जाहिरातीसाठी केलेला हा अमूर्त चित्रपट साध्या थिएटरांतल्या प्रेक्षकांनी पाहिला. पुढे १९५८ साली ‘फ्री रॅडिकल्स’मध्ये लायने रंगही टाकून दिले. काळी सोळा मिलिमीटर फिल्म, दाताच्या डॉक्टरची हत्यारं, दगडी बाणांची टोकं आणि आफ्रिकी ढोल. पांढऱ्या रेघा अंधारात अशा वळतात की सपाट पडद्याला खोली आल्यासारखी वाटते.

रेघ कुणीही ओढेल. पण तिला चालवायचं कसं? इथे आकडा मदतीला येतो. सोळा मिलिमीटरच्या एका फुटात ४० चौकटी असतात आणि सेकंदाला २४ जातात. म्हणजे एक फूट फिल्म पावणेदोन सेकंदही टिकत नाही. चौकट जेमतेम १० मिलिमीटर रुंद, करंगळीच्या नखाएवढी. तीन मीटरच्या पडद्यावर ती तीनशे पटींनी मोठी होते. फिल्मवरचा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा केस पडद्यावर तीन सेंटिमीटर जाडीचा दोरखंड होतो. थरथरणारा हात इथे लपत नाही. ठिपका एकाच चौकटीत काढला तर डोळ्यांना नुसती झिणझिणी जाणवते. तो ओळखू यावा असं वाटत असेल तर दोन-तीन चौकटींत त्याच जागी काढावा लागतो. सरकायला हवा असेल तर प्रत्येक चौकटीत केसभर पुढे.

हा हिशेब सगळ्यांत बारकाईने मांडला तो नॉर्मन मॅक्लॅरन याने. तो स्कॉटलंडचा, पण आयुष्यभराचं काम त्याने कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळात केलं. विद्यार्थी असताना त्याने झिजलेली प्रिंट भिजत घातली, जिलेटिन धुऊन काढलं आणि मोकळ्या पारदर्शक पट्टीवर रंगवायला बसला. १९५५ सालच्या ‘ब्लिंकिटी ब्लँक’मध्ये त्याने उलटं धाडस केलं. काळ्या फिल्मवर एक-दोन चौकटींत पक्षी कोरायचा आणि नंतरच्या कित्येक चौकटी काळ्याच सोडायच्या. चित्र गेल्यावरही डोळ्यांत त्याचा ठसा क्षणभर राहतो, आणि मधल्या काळोखात पक्ष्याला उडवण्याचं काम आपलाच डोळा करतो. या चित्रपटाला कान महोत्सवात लघुपटाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं.

मॅक्लॅरनने आवाजही काढला, अक्षरशः ‘काढला’. फिल्मच्या कडेला ध्वनीची एक बारीक पट्टी असते. तिच्यातून उजेड जातो, काळं-पांढरं बदललं की उजेड कमीजास्त होतो आणि यंत्र त्याचा आवाज करतं. मग मायक्रोफोन कशाला हवा? त्या पट्टीवर एका चौकटीएवढ्या जागेत समान अंतरावर १० आडव्या रेघा काढल्या तर सेकंदाला २४० कंपनं होतात. रेघा दुप्पट, म्हणजे २० केल्या की तोच स्वर वरच्या सप्तकात. षड्जावरून तार षड्जावर जायला फूटपट्टी पुरते. एक गंमत लक्षात ठेवायची. सोळा मिलिमीटरच्या प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचणारा भाग चित्राच्या गेटपासून २६ चौकटी पुढे असतो. चित्रावर आणि ध्वनीपट्टीवर एकच आडवा ओरखडा ओढला तर तो आधी दिसतो आणि सेकंदाहून थोडं जास्त थांबून ऐकू येतो.

आता मला सगळ्यांत आवडणाऱ्या चित्रपटाकडे येतो. स्टॅन ब्रॅकेज हा अमेरिकन. १९६३ च्या सुमारास त्याच्याकडे फिल्म विकत घ्यायला पैसे नव्हते. दिव्याभोवती पतंग मरून पडत होते. फिल्म जोडायला एक पारदर्शक चिकटपट्टी वापरतात, सोळा मिलिमीटर रुंदीची, कडेला भोकं पाडलेली. त्याने त्या पट्टीवर पतंगांचे पंख, फुलांच्या पाकळ्या आणि गवताची पाती मांडली आणि वरून तशीच दुसरी पट्टी दाबली. चांदी नाही, रसायन नाही, भिंग नाही. हे जाड सँडविच लॅबमध्ये नेऊन त्याची साध्या फिल्मवर प्रत काढली. चित्रपटाचं नाव ‘मॉथलाइट’. चार मिनिटंही लांबीचा नाही आणि मुका आहे.

पंख छोटे, म्हणून ते पडद्यावर लुकलुकून जातात. गवताचं पातं लांब, ते अनेक चौकटींतून जातं, म्हणून ते पडद्यावर नदीसारखं वाहत राहतं. पंखावरच्या शिरा झाडाच्या फांद्यांएवढ्या होतात. आणि मग ध्यानात येतं की दिव्यावर झेपावून मेलेला पतंग पुन्हा एका दिव्यासमोर आला आहे, प्रोजेक्टरच्या. या वेळी तो उडतो. हे सगळं कॅमेऱ्याने टिपलं असतं तर ते पतंगाचं चित्र झालं असतं. इथे खुद्द पंखातून गाळून आलेला उजेड प्रतीवर उमटला आहे, मधे कुणी नाही.

ब्रॅकेज २००३ साली गेला. अंथरुणाला खिळलेला असताना त्याने शेवटचा चित्रपट केला तोही असाच. काळी फिल्म थुंकीने ओली करायची आणि नखाने खरवडायची. ओठांनी ओळखायची ती बाजू, इथे येऊन थुंकी आणि नखापर्यंत पोचली.

आपल्याकडे हे परकं वाटायचं कारण नाही. फाळक्यांच्या काळी कच्च्या फिल्मला कडेची भोकंही पाडावी लागत. ते काम घरकाम आटोपल्यावर रात्री अंधारात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. मराठी माणसाचा सिनेमा सुरू झाला तोच मुळी बोटांनी फिल्म चाचपून.

करून पाहायचं असेल तर सोपं आहे. जुन्या बाजारात सोळा किंवा पस्तीस मिलिमीटरच्या टाकाऊ पट्ट्या मिळतात. काळी पट्टी कोरायला, पारदर्शक पट्टी रंगवायला. सुई, सँडपेपर, पक्की शाई असलेली मार्कर पेनं आणि खाली उजेड येईल अशी काच, एवढं पुरे. रंग पूर्ण वाळू द्या. जाड लेप किंवा चिकटवलेली पट्टी प्रोजेक्टरमध्ये घालू नका, गेटमध्ये अडकेल. त्याऐवजी स्कॅन करून घ्या. एक फूट मनासारखं जमायला एक संध्याकाळ सहज जाते आणि ते पावणेदोन सेकंदांच्या आत संपतं. तक्रार करू नका, वाटाण्याचं रोपही घाईने वाढत नाही.

पुढच्या आठवड्यात आपण फिल्म कॉफीत धुणार आहोत. तोवर एक विनंती. माळ्यावर आजोबांच्या काळातला रिळाचा डबा असेल तर सुई त्याला लावू नका. आधी झाकण उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर पट्टी कुजायला लागली आहे. ती इतर रिळांपासून वेगळी, थंड आणि कोरड्या जागी ठेवा आणि लवकर स्कॅन करून घ्या. पस्तीस मिलिमीटरची फिल्म १९५० च्या आधीची असेल तर ती नायट्रेटची असू शकते. नायट्रेट पेट घेतं आणि पेटलं की पाण्यानेही विझत नाही. ती घरात न ठेवता जाणकारांच्या ताब्यात द्या. ओरखडा काढायचा तर ज्याची दुसरी प्रत आहे अशाच फिल्मवर काढा. घरातल्या लग्नाच्या रिळाची दुसरी प्रत कुठेही नसते.