खरेदी दिवाळीची, दुखणे कंबरेचे

वसुबारस चार दिवसांवर आली की पुण्याच्या लक्ष्मी रोडला किंवा मुंबईत दादर स्टेशनबाहेर पाय ठेवायला जागा उरत नाही. एका हातात फराळाच्या सामानाची पिशवी, दुसऱ्या हातात आकाशकंदील, खांद्याला पर्स आणि पुढे दोन तासांची पायपीट. घरी येऊन पिशव्या खाली ठेवताना कंबरेत चमक भरते आणि सणाचे उरलेले दिवस गरम पाण्याच्या पिशवीच्या सोबतीने काढावे लागतात. अशा वेळी दोष वयाला दिला जातो. पुष्कळदा तो वजन उचलण्याच्या पद्धतीचा असतो.

हे कसे घडते, ते तेलाच्या डब्यावरून समजून घेता येईल. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटीमीटर अंतरावर काम करतात. १५ किलोचा डबा मणक्यापासून २० सेंटीमीटरवर, म्हणजे पोटाशी धरला, तर तो तोलायला स्नायूंना साधारण ६० किलोइतका जोर लावावा लागतो. तोच डबा वाकून, हात लांब करून ५० सेंटीमीटरवरून उचलला तर हा जोर १५० किलोवर जातो. पुढे झुकलेल्या धडाचे वजन यात धरलेलेच नाही. हा सगळा दाब मणक्यांमधल्या गादीवर येतो. उचलतानाच कंबरेत पीळ दिला, उदाहरणार्थ डबा उचलून तसेच वळून स्कूटरच्या पायाशी ठेवला, तर गादीवरचा ताण आणखी वाढतो. म्हणून वस्तूच्या जवळ जावे, गुडघे वाकवावेत, डबा अंगाशी घ्यावा आणि वळताना कंबर न फिरवता पावले फिरवावीत.

पिशव्यांचेही तसेच आहे. सगळे ओझे एकाच हातात असले की शरीर त्या बाजूला झुकू नये म्हणून दुसऱ्या बाजूचे स्नायू सतत ताणून राहतात. १० किलोची एक पिशवी नेण्यापेक्षा दोन हातांत ५-५ किलो नेणे कंबरेला सोपे जाते. पाठीवरची सॅक त्याहून बरी. मात्र तिचे दोन्ही पट्टे खांद्यावर हवेत. डाळ, साखर, बेसन, तेल असे जड सामान कोपऱ्यावरच्या वाण्याकडून घरपोच मागवावे आणि बाजारातून हलक्या वस्तूच आणाव्यात.

एक गोष्ट मात्र सहसा लक्षात येत नाही. पदपथावरच्या विक्रेत्यापुढे उकिडवे बसून, वाकून वीस मिनिटे पणत्या निवडल्या की पाठीचे अस्थिबंध काही काळ सैलावतात आणि मणक्याला सांभाळणाऱ्या स्नायूंची प्रतिक्रियाही मंदावते. लगेच झटक्यात उठून पिशव्या उचलल्या की उसण भरण्याची शक्यता वाढते. आधी उभे राहावे, एक-दोन मिनिटे सरळ चालावे, मग ओझ्याला हात घालावा. चकल्या पाडायला जमिनीवर बसणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. दर अर्ध्या तासाने उठावे; जमल्यास सोऱ्या ओट्यावर घ्यावा.

एवढे करूनही कंबर धरलीच तर घाबरू नये. असे बहुतेक दुखणे काही आठवड्यांत आपोआप कमी होते. अंथरुणाला खिळून राहणे हा त्यावरचा उपाय नाही. एक-दोन दिवसांहून अधिक पडून राहिल्यास बरे व्हायला उलट वेळ लागतो. शेक घ्यावा, सोसेल तेवढे घरात हिंडावे-फिरावे. जोरजोराने कंबर चोळून घेणे किंवा पाठीवर पाय देववणे टाळावे. मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब किंवा जठरव्रण असलेल्यांनी वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

काही लक्षणे दिसली तर मात्र भाऊबीज होईपर्यंत थांबू नये. जांघेत किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा, लघवी अडणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणे, पायातली शक्ती कमी होत जाणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उशीर झाल्यास मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. कंबरदुखीबरोबर ताप असेल, वजन कारणाशिवाय घटत असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल किंवा वयस्कर व्यक्ती पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तरीही तपासणी लांबवू नये.

बहुतेक घरांत यादी करणारी, बाजारहाट करणारी, पिशव्या वाहणारी आणि नंतर फराळाला बसणारी व्यक्ती एकच असते. तिच्या कंबरेसाठी सर्वांत गुणकारी औषध दुकानात मिळत नाही. खरेदी दोन-तीन खेपांत विभागावी आणि प्रत्येक खेपेला घरातले आणखी दोन हात सोबत न्यावेत.