सायकल आणि शक्तीचा हिशेब : लेखांक ४ – घाटावरची मोजणी

मागील लेखांकात हृदयाच्या ठोक्यांवरून श्रमाचे मान ठरविण्याच्या पद्धतीचा परामर्श घेतला, आणि उन्हाने, जागरणाने, फार काय पेलाभर चहानेही तो आकडा कसा बहकतो हे पाहिले. शक्तीचा आकडा असा बहकत नाही. दर सेकंदास किती कार्य घडले एवढीच पृच्छा ती करते व उत्तर वॅटमध्ये मागते. स्वार ताजातवाना होता की थकलेला, याची नोंद तिच्या दप्तरी होत नाही.

या मोजणीचे सर्वमान्य साधन म्हणजे उलरिख शोबेरर या जर्मन अभियंत्याने १९८६ च्या सुमारास सिद्ध केलेला, क्रँकमध्येच बसविलेला शक्तिमापक. पायडलवर दाब पडताच धातूला जो अतिसूक्ष्म ताण बसतो, तो त्यावर चिकटविलेल्या तारेच्या विद्युत्-रोधातील फरकावरून टिपावयाचा, आणि त्यावरून निघालेल्या आघूर्णास क्रँकच्या कोनीय वेगाने गुणावयाचे, हे त्याचे मर्म होय. तत्त्व शाळकरी मुलासही उमगावे असे. किंमत मात्र अद्यापि अशी, की तेवढ्यात दुसरी बरी सायकल घरी यावी.

मग ज्याच्या संग्रही सायकल, घड्याळ आणि वजनकाटा यांवाचून काही नाही, त्याने काय करावे? माझ्या मते त्याने सरळ घाट गाठावा. पुणेकरास सिंहगडाचा रस्ता आहेच. सपाट रस्त्यावर वेगावरून शक्ती काढू जावे, तर तेथे सारा कारभार वाऱ्याच्या हाती असतो. हवेचा विरोध मोडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून निवांत हवेत वेग दहा टक्के वाढला की ती सुमारे तेहतीस टक्के वाढते, आणि समोरून मंद झुळूक आली तरी हिशेब पार विसकटतो. चढावर वेग मंदावतो, तसा वाऱ्याचा अंमल ओसरतो व बहुतेक वसुली गुरुत्वाकर्षणाच्या खाती जमा होते. आणि गुरुत्वाकर्षणाची फेरतपासणी कोणास करावी लागत नाही.

समजा, ५ किलोमीटरांच्या रस्त्यात ३०० मीटर उंची चढावयाची आहे, आणि स्वार, सायकल, कपडे, पाण्याची बाटली हे सारे मिळून ८० किलो भरते. ८० गुणिले ९.८१ गुणिले ३००, म्हणजे २,३५,४४० जूल कार्य झाले. हा चढ २० मिनिटांत, म्हणजे १,२०० सेकंदांत संपविला, तर भागाकार १९६ वॅट येतो. त्यात टायरांचे घर्षण, चेनमधील झीज व त्या वेगाची हवा यांपोटी तीस-चाळीस वॅट मिळवावे, म्हणजे पायांनी खरोखर दिलेली शक्ती अंदाजे २३० वॅट ठरते. मिळविलेला भाग हा अंदाजच. परंतु तीच सायकल, तेच टायर, तीच हवा असेल तर तो दर खेपेस जवळपास तेवढाच राहतो, आणि ज्याला आपली प्रगती पाहावयाची आहे त्याचे काम तेवढ्याने भागते.

अचूकतेचे खरे शत्रू निराळे आहेत. वेळेत दहा सेकंदांची चूक झाली तर दीड-दोन वॅटांचा फरक पडतो. एक लिटरची भरलेली बाटली हिशेबात धरावयाची राहिली तर सुमारे अडीच वॅटांचा. उंची मात्र मोबाइलच्या भरवशावर घेऊ नये, कारण उपग्रहांवरून काढलेली उंची आडव्या अंतराहून पुष्कळ अधिक डळमळते. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर समोच्चरेषा २० मीटरांच्या अंतराने असतात. त्यांवरून आरंभ व शेवट एकदाच निश्चित करावा आणि पुढे बदलू नये. मध्ये उतार असलेला रस्ता टाळावा, आणि पाठीवर वारा असलेल्या दिवशीच्या पराक्रमाची नोंद खुशाल गाळावी.

ज्यांचा हात थोडा सैल आहे त्यांच्यासाठी केवळ डाव्या क्रँकवर बसणारा मापक हा मधला मार्ग. तो डाव्या पायाची शक्ती मोजतो आणि तिची दुप्पट करून दाखवितो. ज्याचा डावा पाय एकूण शक्तीच्या ४८ टक्केच देतो, त्याच्या २०० वॅटांची नोंद त्यामुळे १९२ होते. ही तूट कायमची असती तर तक्रारीस जागा नव्हती. परंतु पायांची ही वाटणी श्रमाबरोबर आणि थकव्याबरोबर सरकते, म्हणून जुना मापक विकत घेताना स्वस्ताईला भुलण्यापूर्वी त्याच घाटावर त्याचा पडताळा घ्यावा. वर काढलेल्या आकड्याशी त्याची तफावत दर खेपेस सारखीच येत असेल तर सौदा करावा. ती एकदा दहा आणि एकदा तीस येत असेल तर यंत्र परत करावे. घरात बसून चालविण्याच्या ट्रेनरचा विचार पुढील आठवड्यात करू.