गव्हाणी घुबड : रात्रीचा राखणदार

घराच्या आढ्यावर घुबड बसले म्हणजे त्या घरी कोणी दगावणार, ही समजूत आमच्या खेड्यांतून अद्याप गेलेली नाही. तिच्यापायी गव्हाणी घुबडाची पिले घरट्यातून ओढून मारली जातात. शेतकऱ्याने आपल्याच चाकरास हाकलावे, तसाच हा प्रकार होय.

नावातच ह्या पक्ष्याचे गोठ्याशी असलेले नाते दिसते. उंची सुमारे हातभर. पाठ सोनेरी-पिवळसर व करड्या छटेची, पोट पांढरे व बारीक ठिपक्यांचे, आणि तोंड पानाच्या आकाराचे, पांढरेशुभ्र. इतर कित्येक घुबडांप्रमाणे ह्याच्या डोक्यावर पिसांची शिंगे नसतात. हे घूत्कार करीत नाही. कर्कश चिरकते, आणि त्यामुळेच बिचाऱ्याची अपकीर्ती वाढली आहे.

दौलताबादचा किल्ला, छत्रपती संभाजीनगरचे जुने दरवाजे, ओसाड वाडे, विहिरींच्या कपारी, अशा जागा ह्या पक्ष्यास मानवतात. घरटे म्हणण्यासारखे ते काही बांधीत नाही. मादी उघड्या पृष्ठावरच चार ते सात अंडी घालते व सुमारे महिनाभर उबवते. अंडी एकाच दिवशी फुटत नसल्यामुळे पिले लहानमोठी दिसतात.

त्याचे मुख्य भक्ष्य उंदीर. तबकडीसारखे तोंड आवाज गोळा करते, आणि एक कान दुसऱ्यापेक्षा किंचित वर असल्यामुळे तो आवाज नेमका कोठून आला हे त्यास कळते. म्हणून मिट्ट काळोखातही झडप चुकत नाही. पिसांच्या कडा मऊ झालरीसारख्या असल्याने उडताना चाहूल लागत नाही. भक्ष्य ते सगळेच गिळते व न पचलेले केस आणि हाडे गोळ्यांच्या रूपाने ओकून टाकते. वाचकांनी अशी गोळी फोडून आतील कवट्या मोजाव्यात. आमच्या शब्दांपेक्षा ती साक्ष अधिक बोलकी आहे.

इस्राएलमधील स्दे एलियाहू ह्या वसाहतीत १९८३ पासून शेतांत पेट्या टांगून ह्या घुबडास मुद्दाम बोलावले जाते. आमच्याकडे मात्र ब्रोमॅडिओलोनसारखे विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटी जाऊन त्याचाही घात होऊ शकतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घुबड मारणे वा विकणे गुन्हा ठरविले आहे; तरी दिवाळीच्या सुमारास मांत्रिकांसाठी ती पकडली जातातच.

गोठ्याच्या आढ्यास किंवा बांधावरील झाडास, दहा-बारा फुटांवर, वीतभर तोंडाची दोन फूट लांब लाकडी पेटी बांधावी. तिच्या आसपास विषाचे आमिष ठेवू नये.