हिशेबाच्या फलकास चाळणी कशी लावावी

हिशेब ठेवणें ही एक गोष्ट व ठेवलेला हिशेब कामास आणणें ही दुसरी. आमच्या सभासदांपैकीं पुष्कळांनीं कांद्याच्या विक्रीची नोंद वहीऐवजीं संगणकावर, एक्सेलमध्यें, ठेवण्यास प्रारंभ केला आहे, ही संतोषाची गोष्ट होय. परंतु दोन-तीन हंगामांच्या शेंकडों ओळी जमल्या म्हणजे 'गोल्टीस कोणत्या बाजारांत काय सुटलें?' एवढ्या साध्या प्रश्नाचेंही उत्तर त्यांतून लौकर निघत नाहीं. यासाठीं साऱ्या नोंदींचें सार एका फलकावर मांडतात. त्यास डॅशबोर्ड म्हणतात. त्या फलकावर एक बटन दाबतांच हव्या त्याच नोंदी गाळून त्यांची बेरीज दाखविणारी जी चाळणी, तिचें एक्सेलमधील नांव 'स्लायसर'. सन २०१० च्या आवृत्तीपासून ही सोय त्यांत आहे.

पेरणीपूर्वीं जमीन तयार करावी लागते, तशीच येथें नोंद तयार करावी लागते. एका विक्रीस एकच ओळ असावी. आणि तारीख, बाजार, प्रत, वजन, एकूण रक्कम, भाडें-हमाली-तोलाईचा खर्च व निव्वळ रक्कम यांस स्वतंत्र रकाने असावे. नांवें सर्वत्र एकाच रीतीनें लिहावीं. एके ठिकाणीं 'पिंपळगांव' व दुसरीकडे 'पिंपळगांव बसवंत' असें लिहिलें, तर संगणक ते दोन बाजार समजतो, त्यांचीं दोन बटनें करितो, व एकाच बाजाराचा माल दोहोंत विभागला जातो. नंतर नोंदींत कोठेंही टिचकी मारून कंट्रोल व टी या कळा एकत्र दाबाव्या, म्हणजे नोंदींचें टेबल बनतें व पुढें भरलेल्या ओळीही त्यांत सामावतात.

आतां 'इन्सर्ट' मधून या टेबलावर दोन पिव्होट टेबलें करावीं. एक बाजारवार, दुसरें महिनेवार. पहिल्यांत टिचकी मारून 'इन्सर्ट स्लायसर' निवडावें आणि 'बाजार' व 'प्रत' यांवर खूण करावी. तारखेसाठीं 'टाइमलाइन' नांवाची निराळी पट्टी सन २०१३ च्या आवृत्तीपासून मिळते. एवढ्यावर मात्र थांबूं नये. नवी चाळणी प्रथम एकाच तक्त्यास लागलेली असते. तिच्यावर उजवी टिचकी मारून 'रिपोर्ट कनेक्शन्स' मध्यें दुसऱ्या तक्त्यावरही खूण करावी. नाहीं तर एक तक्ता गोल्टीचा हिशेब सांगतो व दुसरा सगळ्या मालाचा, आणि फलक दोन तोंडांनीं बोलूं लागतो. एकाहून अधिक बटनें हवीं असल्यास कंट्रोल कळ धरून तीं दाबावीं.

सरासरी दराविषयीं विशेष सावध असावें. समजा, १०० क्विंटल माल १२०० रुपयांनीं व १० क्विंटल २००० रुपयांनीं गेला. दोन दरांची सरासरी १६०० येते. परंतु एकूण १,४०,००० रुपयांस ११० क्विंटलांनीं भागिलें तर खरा दर सुमारें १२७३ च पडतो. म्हणून दराची सरासरी न घेतां 'कॅल्क्युलेटेड फील्ड' करून निव्वळ रकमेस वजनानें भागावें. मग कोणतेंही बटन दाबलें तरी दर बरोबरच निघेल.

या बाबतींत आम्ही स्वतः एकदां ठेंच खाल्ली आहे. आदल्या रात्रीं पहिल्या प्रतीचें बटन दाबून आम्ही दर पाहिले व तें तसेंच ठेवून संगणक बंद केला. सकाळीं फलक उघडला तों दूरचा बाजार सरस दिसला. तो आंकडा केवळ निवडक मालाचा होता हें ध्यानांत न घेतां आम्ही गोल्टी गाडींत भरून तिकडे पाठविली. जो दर मिळाला त्यांतून भाडेंही पुरतें सुटलें नाहीं. चूक संगणकाची नव्हती. चाळणी लावलेली आहे हें विसरणाऱ्या आमची होती.

तेव्हांपासून आम्ही तीन नियम पाळतों. नवी नोंद केल्यावर 'रिफ्रेश ऑल' दाबावें, कारण पिव्होट टेबल सामान्यतः आपण होऊन ताजें होत नाहीं. फलक उघडतांच प्रत्येक चाळणीच्या कोपऱ्यांतील नरसाळ्याचें चिन्ह दाबून ती मोकळी करावी, व एकूण वजन आपल्या तोलपावत्यांशीं ताडून पाहावें. आणि दर वाचतांना त्याखालीं किती क्विंटल माल आहे हें अवश्य पाहावें. दोन गोण्यांच्या दरावर सबंध चाळीचा निर्णय करूं नये.

चाळणीखालीं जें पडतें त्याकडे सगळ्यांचेंच लक्ष जातें; वर काय राहिलें तेंही जो पाहतो, त्यालाच आपल्या मालाचा खरा हिशेब कळतो.