ऑफिसच नसलेली नोकरी

पूर्णपणे रिमोट कंपनी आणि घरून काम करू देणारी कंपनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरून काम करू देणाऱ्या कंपनीचे ऑफिस असते, फक्त काही माणसे तिथे जात नाहीत. पूर्ण रिमोट कंपनीत जायला ऑफिसच नसते. मालकापासून काल रुजू झालेल्या पोरापर्यंत सगळे आपापल्या घरी. फरक किरकोळ वाटतो, पण नोकरीचा सारा अनुभव त्यावर ठरतो. निम्मे लोक ऑफिसात आणि निम्मे घरी असले, की निर्णय चहाच्या टपरीवर होतात आणि घरी बसलेल्यांना ते नंतर कळतात. टपरीच नसेल तर निर्णय कुठेतरी लिहून ठेवावा लागतो. या कंपन्यांत माणूस रुळतो की गुदमरतो, हे बरेचसे या लिहिण्यावर अवलंबून असते.

ही कल्पना कोविडची देणगी नाही. ब्रिटनमध्ये १९६२ साली स्टेफनी शर्ली यांनी ‘फ्रीलान्स प्रोग्रामर्स’ नावाची कंपनी काढली आणि लग्न-मुलांमुळे नोकरी सुटलेल्या स्त्रियांना घरबसल्या प्रोग्रामिंगचे काम दिले. पहिल्या ३०० कर्मचाऱ्यांत २९७ स्त्रिया होत्या. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचे प्रोग्रामिंग या घरांमधूनच झाले. ग्राहकाचा फोन आला, की शर्ली टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप मागे लावत. घरातल्या बाळाचा आवाज त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. घर लपवायची ही धडपड अजून संपलेली नाही. व्हिडिओ कॉलवर मागचे कपाट आणि वाळत घातलेले कपडे धूसर करण्याची सोय त्याच कारणासाठी वापरली जाते.

आजच्या पूर्ण रिमोट कंपन्यांत सर्वांत तपशीलवार माहिती मिळते ती गिटलॅबची. २०११ मध्ये युक्रेनमधल्या खार्किव इथे दिमित्री झापोरोझेत्स यांनी गिटलॅब हे कोडवर एकत्र काम करण्याचे सॉफ्टवेअर लिहायला घेतले. त्यांच्या घरी नळाचे पाणी नव्हते, सार्वजनिक विहिरीवरून आणावे लागे. पण त्याहून मोठी अडचण त्यांना वाटली ती एकत्र काम करण्यासाठी चांगले साधन नसल्याची. नेदरलँड्समधले सिड सिब्रांडी त्यांना पुढे येऊन मिळाले. २०१५ मध्ये कंपनी काही काळ कॅलिफोर्नियात जमली, ऑफिसही घेतले. नवी माणसे दोन-चार दिवस यायची आणि मग हळूच येईनाशी व्हायची, कारण काम घरूनही तितकेच होत होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये गिटलॅबचे शेअर नॅसडॅकवर आले, तेव्हा ६५ हून अधिक देशांत पसरलेल्या या कंपनीला मुख्यालय नव्हते.

या कंपनीचे हँडबुक दोन हजारांहून अधिक वेबपानांचे आहे, आणि त्यातले बहुतेक कोणालाही वाचता येते. रजा कशी घ्यायची, खर्चाचे बिल कसे लावायचे, बढती कशी ठरते, सगळे त्यात आहे. रुजू होणाऱ्याला पहिल्या दिवशी कामांची एक लांबलचक यादी आणि शंका विचारायला एक सोबती मिळतो. प्रश्न विचारला, की पुष्कळदा उत्तराऐवजी हँडबुकच्या पानाची लिंक येते. ऑफिसात वाढलेल्या माणसाला सुरुवातीला हे तुसडेपणाचे वाटते. काही आठवड्यांनी त्याच्या लक्षात येते, की रात्री अकरा वाजताही कोणाला न उठवता आपले अडलेले काम पुढे सरकते आहे. महत्त्वाची गोष्ट चॅटवर बोलून संपवू नये म्हणून स्लॅक या चॅट ॲपवरचे संदेश ९० दिवसांनी नाहीसे होतील अशी व्यवस्थाही या कंपनीने केली होती. टिकवायचे असेल ते योग्य जागी लिहा, असा त्याचा अर्थ.

या सवयीची कसोटी ३१ जानेवारी २०१७ ला लागली. रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि मुख्य डेटाबेसचे सुमारे ३०० जीबी पुसले गेले. बॅकअपचे ठरलेले मार्ग एकामागोमाग एक निकामी निघाले. कंपनीने घटनेची टिपणे सर्वांना वाचता येतील अशा दस्तऐवजात लिहायला सुरुवात केली आणि दुरुस्तीचे काम यूट्यूबवर थेट दाखवले. सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून निभावले. अभियंत्याला काढले नाही. दोष बॅकअप न तपासण्याच्या पद्धतीत शोधला गेला. दूर बसलेल्या माणसाला आपल्या पाठीमागे काय बोलले जात असेल ही धास्ती सतत असते, आणि सगळे उघड लिहिलेले असणे हाच तिच्यावरचा खरा उतारा आहे.

मात्र लिहिण्याला किंमत आहे. इथे ज्याचे लिखाण दिसते तोच माणूस दिसतो. चोख काम करून गप्प बसणाऱ्याची ऑफिसात कोणीतरी दखल घेते. इथे घेईलच असे नाही. मराठी माध्यमातून आलेल्या अभियंत्यांच्या बाबतीत हे दोन्ही बाजूंनी कापते. भरभर बोलल्या जाणाऱ्या अमेरिकी इंग्रजीपुढे कॉलवर तोंड न उघडणारा माणूस दोनदा खोडून नीट मुद्दा लिहू शकतो. पण आडवळणाने, समोरच्याचा मान राखत बोलण्याची आपली रीत लेखी इंग्रजीत कधी कधी निव्वळ संदिग्धपणा म्हणून वाचली जाते.

घड्याळाचा प्रश्न लिहिण्याने सौम्य होतो, पण सुटत नाही. उन्हाळ्यात पुण्यात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे साडेआठ असतात. टीम युरोपात असेल तर पुण्याची दुपार आणि ॲमस्टरडॅमची सकाळ सहज जुळते, आणि घरचे जेवण वेळेवर होते. टीम कॅलिफोर्नियात असेल तर मुलांच्या झोपेच्या वेळी स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक. म्हणूनच नोकरी निवडताना पगाराच्या आकड्याआधी मॅनेजर कुठल्या देशात बसतो हे विचारणे शहाणपणाचे.

नवशिक्यांचे हाल होतात ते निराळ्या कारणाने. एका मोठ्या अमेरिकी कंपनीतल्या सॉफ्टवेअर अभियंत्यांवर अर्थतज्ज्ञांनी केलेल्या अभ्यासात दिसले, की टीम शेजारी-शेजारी बसते तेव्हा कोडवर जास्त अभिप्राय मिळतो, आणि अंतर पडले की तोटा मुख्यतः तरुणांचा आणि स्त्रियांचा होतो. बढतीचेही तेच. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने प्रयोग केला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, पण त्या कामगिरीच्या मानाने बढत्या कमी मिळाल्या. प्रयोग संपल्यावर त्यांतल्या जवळपास निम्म्यांनी ऑफिसात परतणे पसंत केले, आणि एकटेपणा हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

एकटेपणावर या कंपन्यांनी काढलेले उपाय थोडे कृत्रिम आहेत, तरी चालतात. गिटलॅबमध्ये कामाशी संबंध नसलेल्या गप्पांसाठी कॅलेंडरवर वेळ ठेवली जाते. वर्डप्रेस डॉट कॉम चालवणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये प्रवासावर मोठा खर्च होतो. वर्षातून एकदा सगळी कंपनी एका ठिकाणी जमण्याची प्रथा तिथे पडली. याच कंपनीने सॅन फ्रान्सिस्कोतले सुमारे १४ हजार चौरस फुटांचे देखणे ऑफिस २०१७ मध्ये बंद करायचे ठरवले, कारण तिथे फारसे कोणी फिरकतच नव्हते. तिची भरतीही वेगळी: मुलाखत चॅटवर, टाइप करून, आणि नंतर तासाला २५ डॉलर देऊन काही आठवड्यांचे प्रत्यक्ष काम. उमेदवाराचा चेहरा किंवा उच्चार आडवा येत नाही. पण आधीची नोकरी सांभाळून रात्री हे काम करणे सर्वांना झेपत नाही, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

पगार हा सर्वांत कडवट विषय. गिटलॅबने प्रत्येक गावाला एक गुणक लावून पगार ठरवण्याचे सूत्र बरीच वर्षे जाहीर ठेवले होते. एकच काम करणाऱ्या दोघांचे पगार पत्त्यावरून बदलत. बेसकॅम्प चालवणाऱ्या ‘३७सिग्नल्स’ने उलट धोरण घेतले आणि सर्वांना सॅन फ्रान्सिस्कोच्या दराने पगार दिला. नाशिकला बसून कमी गुणकाचा पगारही स्थानिक कंपनीपेक्षा जास्त असू शकतो, त्यामुळे इथे तक्रार दबून राहते.

त्याहून महत्त्वाचा असतो करारनामा. परदेशी कंपनीची भारतात शाखा नसेल तर दोन वाटा उरतात. पहिली ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’ची: कागदोपत्री नोकरी एका मध्यस्थ कंपनीकडे, काम दुसरीकडे. यात पीएफ, ग्रॅच्युइटी, फॉर्म १६ सगळे मिळते. दुसरी कंत्राटदाराची: दरमहा आपणच इनव्हॉइस पाठवायचे, आगाऊ कर चार हप्त्यांत भरायचा, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी करायची. हातात रक्कम मोठी येते. पीएफ नाही, आणि कायद्याने मिळणारी २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजाही नाही. होम लोन मागायला गेल्यावर बँक सॅलरी स्लिपऐवजी मागच्या वर्षांचे आयटीआर मागते. डॉलरचा आकडा ऐकून होकार देण्याआधी सीएकडे एक फेरी मारलेली बरी.

बाहेर पडण्याची पद्धतही समजून घ्यावी. ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्डप्रेसवरून दुसऱ्या एका कंपनीशी झालेल्या वादात आपली भूमिका न पटणाऱ्या कर्मचाऱ्यांना ऑटोमॅटिकने ३० हजार डॉलर किंवा सहा महिन्यांचा पगार, यांतली मोठी रक्कम घेऊन जाण्याची मुभा दिली. १५९ जण गेले. एप्रिल २०२५ मध्ये त्याच कंपनीने १६ टक्के कर्मचारी कमी केले. अशी कपात झाली, की ऑफिस नसल्याने निरोप देणारे शेजारचे टेबलही नसते. ईमेल, स्लॅक आणि कोडची दारे बंद होतात, लॅपटॉप परत मागितला तर कुरिअरने जातो. कर्मचाऱ्याला देशाच्या कायद्यानुसार भरपाई मिळते, कंत्राटदाराला करारात लिहिला असेल तेवढाच नोटीस काळ.