चार तारांचं सोंग

पुण्यात एक बँड आहे, त्यात गिटारवादक नाही आणि तरी गिटार वाजते, एवढ्या ऐकीव माहितीवर संपादकांनी मला एका जॅमरूममध्ये धाडलं. आत दोघंच होते, एक ड्रमर आणि एक बेसवादक. बेसवादकाने पहिली रिफ छेडली आणि खालून खर्ज, वरून करकरीत गिटार असे दोन आवाज एकदम अंगावर आले.

युक्ती जुनी आहे. मोटरहेडचा लेमी सत्तरच्या दशकापासून मार्शल ॲम्पवर बेस गिटारसारखा करवादून वाजवायचा. जॅक व्हाइटने २००३च्या 'सेव्हन नेशन आर्मी'त उलटं केलं, गिटार एक सप्तक खाली उतरवून तिला बेसचं काम दिलं. इंग्लंडच्या रॉयल ब्लड या दोघांच्या बँडने तर गिटारवादकच ठेवला नाही. त्यांचा बेसवादक माइक कर बेसचा सिग्नल बेस आणि गिटार अशा दोन्ही प्रकारच्या ॲम्पना वाटून देतो. २०१४ साली त्यांचा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये अव्वल ठरला.

जे काम पेडल्स आणि ॲम्प्सच्या गोतावळ्यातून व्हायचं ते पुण्याच्या या मुलाच्या पायाशी एका मल्टिइफेक्ट्स प्रोसेसरमध्ये होतं. पडद्यावर सिग्नलला दोन फाटे फुटलेले दिसतात. एक कॉम्प्रेसरमधून जाऊन बेस म्हणूनच बाहेर पडतो. दुसरा आधी एक सप्तक वर चढतो, मग त्यातला उरलासुरला खर्ज कापला जातो, मग डिस्टॉर्शन आणि शेवटी गिटारच्या स्पीकरची नक्कल. त्याने एकेक ब्लॉक बंद करून ऐकवलं. स्पीकरची नक्कल काढताच पत्रा खरवडल्यासारखा आवाज आला. सप्तकाचा ब्लॉक डिस्टॉर्शनच्या मागे सरकवला तर नुसता चिखल. "आधी उंची, मग घाण," तो म्हणाला.

त्याला कारण आहे. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, गिटारची ८२ वेळा. षड्ज-पंचमाची जोडी डिस्टॉर्शनमध्ये घातली की दोन्हींच्या फरकाचा तिसरा स्वर उमटतो. बेसवर तो २०च्या आसपास पडतो, म्हणजे कानाच्या अगदी तळाशी, नुसती गुरगुर. आधी सप्तक चढवलं की तोच ४१वर येतो आणि जोडी भरदार लागते.

इथवर सगळं छान. पण त्या जाड तारेचं एक आवर्तनच २४ मिलिसेकंदांचं. स्वर ओळखायला यंत्राला निदान तेवढी लाट तरी बघावी लागते, त्यामुळे गिटारचा फाटा किंचित मागून येतो आणि एका ठोक्याचे दोन ऐकू येतात. बेसचा फाटाही तेवढाच रोखला तर आवाज जुळतो, पण बोटाखाली वाद्य सुस्त वाटतं. म्हणून तो शक्यतो वरच्या पडद्यांवर वाजवतो, तिथे आवर्तनं आखूड असतात. ड्रमरच्या केसभर पुढे राहायचीही त्याने सवय लावून घेतली आहे.

तारा खेचून मींड काढणं हे दुसरं दुखणं. बेसच्या ३४ इंच लांबीच्या जाड तारा गिटारसारख्या वाकत नाहीत. त्याने बारीक तारा लावून ३० इंची बेस घेतला, तर आता खालच्या स्वरांचा ताण ढिला पडतो. हेडफोनवर घासूनपुसून बनवलेला प्रीसेट हॉलमध्ये घुमतो आणि तो तिथे उभ्यानेच खर्ज कापत बसतो. त्यात साउंडवाले बेससाठी एकच लाइन देतात. दोन्ही फाटे तिच्यात कोंबले की एकाचा आवाज दुसऱ्याच्या डोक्यावर बसतो, म्हणून दुसऱ्या लाइनसाठी दर कार्यक्रमाला हुज्जत.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, म्हणतात. इथे वेगाचंही आणता येत नाही. प्रेक्षक नामांकित गिटार सोलोंची फर्माईश करतात, तो सरळ नकार देतो. यंत्राला पकडायला वेळ मिळेल अशा, मोजक्या स्वरांच्या रिफ तो स्वतः बांधतो, आणि बँडची सगळी गाणी त्यामुळेच मध्य लयीत आहेत. त्या लयीत मात्र समोरचा माणूस तिसरा वादक शोधत राहतो.