प्रशिक्षणाचा दाखला

कोहिनूर-बसवकल्याणकडील तरुण कुशल कामगार म्हणून अमेरिकेस जावयास निघाला, की दाखल्यासाठी तो आपल्याच पेढीची पायरी चढतो. तेथील १९९० च्या कायद्याप्रमाणे अशा कामगारास किमान २ वर्षांचे प्रशिक्षण वा अनुभव लागतो. अर्ज तिकडील मालकाचा. पुरावा मात्र इकडचा. शिकविणाऱ्याचे नाव, हुद्दा, पत्ता आणि काय शिकविले याचे वर्णन पत्रात असावे. ‘मुलगा होतकरू व सद्वर्तनी आहे’ ही आपली आवडती प्रशस्ती तेथे फारशी उपयोगाची नाही! मालकाचा पहिला अर्ज तिकडील कामगार खात्याकडे पोहोचेल त्या दिवसापर्यंत प्रशिक्षण पुरे झालेले हवे. मायेपोटी महिने मात्र वाढवू नयेत. खोटेपणा उघडकीस आल्यास त्या मुलास अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते.